चालू (अन्यत्र)

ज्या कामाचं नाव ‘पाच मिनिटांचं काम’ असं पडतं, त्या कामाने आजवर कोणालाही पाच मिनिटांत मोकळं केलेलं नाही. माझ्या नोंदीप्रमाणे अशा कामांपैकी चाळीस टक्के आठवडाभर चालतात, चाळीस टक्के पुढच्या वर्षावर जातात आणि उरलेली वीस टक्के झाली असं समजून विसरली जातात. (आकडे माझे आहेत. तुमच्याकडे वेगळे निघतील. ते का वेगळे निघतात, याबद्दलच पुढे सांगायचं आहे.)

आमच्या इमारतीला सात मजले, बेचाळीस घरं, एकशे त्रेसष्ट माणसं, एकशे सव्वीस पायऱ्या आणि एक लिफ्ट. ही लिफ्ट अकरा महिन्यांपासून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध उभी आहे. तिथल्या वळणावर कोणीतरी एक खुर्ची आणून ठेवली. आता वर चढणारा प्रत्येक जण त्या खुर्चीत बसतो, दम खातो आणि जाता जाता दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी ऐकून जातो. लिफ्ट चालू होती तेव्हा आम्ही शेजारी एकमेकांशी वर्षाकाठी सरासरी चार वाक्यं बोलायचो. आता दिवसाला चाळीस होतात. भांडणंही त्याच हिशेबात वाढली. इमारतीत जरा जान आली.

पैज त्या खुर्चीपाशीच लागली.

“काका, हे पाच मिनिटांचं काम आहे,” जावईबापू म्हणाले.

जावईबापू म्हणजे आमच्या चेअरमनसाहेबांचे जावई. राहतात दुसऱ्या मजल्यावर, नोकरी कॉम्प्युटरच्या कंपनीत. अख्खी इमारत त्यांना जावईबापू म्हणते. त्यांची बायकोसुद्धा चिडली की जावईबापूच म्हणते. हुशार माणूस. वजन छप्पन्न किलो.

काम असं होतं. उद्वाहन विभाग (लिफ्ट सरकारी कागदावर चढली की तिचं उद्वाहन होतं) नवीन लिफ्टला मंजुरी देणार होता. अर्ज शनिवारी दुपारी बाराच्या आत खिडकीवर द्यायचा, त्यानंतर ती खिडकी थेट पुढच्या वर्षी उघडणार. अर्जासोबत रहिवाशांची यादी हवी, कॉम्प्युटरवरची, साध्या मजकुराची फाइल. एका ओळीत एक माणूस. आधी इंग्रजीत आडनाव-नाव, मग टॅब मारून जागा सोडायची, मग जन्मतारीख. ओळी आडनावांच्या क्रमाने लावलेल्या. फॉर्मच्या बेचाळीस प्रती मी काढून दिल्या होत्या (तळमजल्यावरचं झेरॉक्सचं दुकान माझंच), घरोघरी तो फॉर्म भरला गेला, आणि पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळं टाइप केलं. वहिनी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहेत, त्यांचा हात चांगला बसलेला. फक्त विभागाला जन्मतारखेत आधी वर्ष हवं होतं, मग महिना, मग दिवस. माणसं आधी दिवस सांगतात, तसाच वहिनींनी तो टाइप केला होता. म्हणजे एकशे त्रेसष्ट जन्मतारखा उलट्या करायच्या.

“मी हाताने बदलून टाकते,” वहिनी म्हणाल्या. “दोन संध्याकाळी लागतील.”

“हाताने?” जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. “वहिनी, हे कोणाला सांगू नका हं. लोक हसतील. एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, संपलं.”

आता मला सांगा, असं वाक्य ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाने गप्प बसावं का?

“लागली पैज,” मी म्हणालो. “शनिवारी बारा वाजेपर्यंत तुमच्या त्या एका ओळीच्या यादीवर खिडकीचा शिक्का पडला, तर रविवारी सकाळी मी तुम्हाला पाठुंगळी घेऊन सातव्या मजल्यावरून गेटपर्यंत आणीन. सगळ्यांसमोर. नाही पडला, तर तुम्ही मला आणायचं.”

जावईबापूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी ब्याण्णव किलोचा आहे.

“लागली,” ते म्हणाले. एवढा त्यांचा त्या ओळीवर भरवसा.

“भाऊजी, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?” वहिनी म्हणाल्या. “तिकडे मास्तर वाट बघत बसलेत, आणि तुमची थट्टा चाललीये.”

मास्तर सातव्या मजल्यावर राहतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. एकटे आहेत, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून एका वृद्धाश्रमात आहे. लिफ्ट चालू होती तोवर मास्तर दर रविवारी दहा वाजता तिथे जाऊन ताईची नखं कापायचे. ताईला आता फारसं कोणी ओळखू येत नाही. नर्सला ती हाताला हात लावू देत नाही, मुठी आवळून पांघरुणात घेते. मास्तर समोर बसले की मुठी उघडते. अकरा महिने झाले, मास्तर गेलेले नाहीत. फोनवर नर्स म्हणते, “बाकी सगळं छान आहे हो, नखांचं तेवढं बघा.”

तर लिफ्ट हवी होती ती यासाठी. बाकीच्या एकशे बासष्ट जणांना ती हवी होती ती भाजीच्या पिशव्यांसाठी.

आता त्या एका ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटरमध्ये एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, काही नाही. त्यात एक हुकूम टाइप करायचा. त्यातल्या सेड नावाच्या हुकुमाला फाइल दिली की तो प्रत्येक ओळीत जाऊन सांगाल ते बदलून येतो. स्वभावाने सेड फार सभ्य. काम झालं तर काही बोलत नाही, आणि काम झालं नाही तरी बहुतेक वेळा काही बोलत नाही. अशी माणसं मोठ्या हुद्द्यावर पोचतात, त्यामुळे सेडचा मान आहे हे बरोबरच आहे.

सोमवारी संध्याकाळी जावईबापूंनी आपल्या रुपेरी लॅपटॉपवर ओळ लिहिली, एंटर मारला, आणि खरोखर, डोळ्याचं पातं लवायच्या आत एकशे त्रेसष्ट जन्मतारखा उलट्या झाल्या. मी स्वतः पाहिलं. मनातल्या मनात जिना मोजला. पायऱ्या एकशे सव्वीस आहेत.

पण मूळ यादी वहिनींच्या लॅपटॉपवर, आणि तिच्यात अजून चार तारखा आणि दोन लग्नानंतरची आडनावं दुरुस्त करायची राहिली होती. म्हणून जावईबापूंनी ती ओळ चिठ्ठीवर लिहून पाचव्या मजल्यावर पाठवली: ‘दुरुस्त झालं की हे चालवा.’ वहिनींचा लॅपटॉप काळा, जाडजूड, वेगळ्या जातकुळीचा. वहिनींनी चिठ्ठी बघून अक्षर न् अक्षर टाइप केलं. काळ्या लॅपटॉपने उत्तर दिलं की अशी फाइल इथे नाही.

“आहे की!” वहिनी लॅपटॉपला म्हणाल्या. “डोळ्यांसमोर आहे!”

त्यांनी जिन्यातून खाली हाक मारली. जावईबापू दुसऱ्या मजल्यावरून ओरडले, “माझ्याकडे चालतंय!”

हे वाक्य आमच्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते सोमवारी, सात वाजून दहा मिनिटांनी. नोंद असावी म्हणून सांगतो.

झालं होतं इतकंच की सेड नावाचे दोन आहेत. हुकूम एकच, नाव एकच, पण रुपेरी लॅपटॉपमधला सेड एका घराण्यात वाढलेला आणि काळ्यामधला दुसऱ्या. रुपेरीमधल्याला आधी सांगावं लागतं, जुनी प्रत ठेवायची का, ठेवली तर कोणत्या नावाने. आणि काही ठेवायचं नसेल तर तसं रिकामं अवतरण (दोन चिन्हं, मध्ये काही नाही) देऊन सांगावं लागतं. काळ्यामधल्याला असं सांगणं हाच अपमान वाटतो. मग तो त्या रिकाम्या अवतरणालाच हुकूम समजतो, आणि खऱ्या हुकुमाला फाइलचं नाव समजून तिला शोधत घरभर फिरतो.

मंगळवारी वहिनींनी ती अवतरणं काढली. काळ्यावर चाललं. त्यांनी ओळ खाली पाठवली. रुपेरीवर चाललं नाही. “माझ्याकडे चालतंय हो!” वहिनी पाचव्या मजल्यावरून म्हणाल्या. जावईबापूंनी मध्ये एक आडवी रेघ आणि ई घातला. चाललं! पण प्रत्येक वेळी शेजारी एक नवी फाइल जन्माला येऊ लागली, जुन्या नावाला ‘-e’ अशी शेपटी लावून. जावईबापूंनी हुकूम सगळ्या फोल्डरवर चालवला, तर शेपटीलाही शेपटी फुटली. बुधवार संध्याकाळपर्यंत अकरा याद्या झाल्या. अकराव्या यादीचं नाव यादीपेक्षा मोठं होतं.

वहिनींनी आपल्या ओळीत एक गोष्ट नीट केली होती: नाव आणि तारीख यांच्यामध्ये टॅब घालायचंही त्यातच सांगितलं होतं. टॅबसाठी काळ्या लॅपटॉपला टीची खूण सांगितली की तो जागा सोडतो. रुपेरी लॅपटॉपला तीच खूण सांगितली तर तो टी लिहितो. सांगितलं टी, लिहिला टी. यात त्याचं काय चुकलं? फक्त आमच्या इमारतीतल्या एकशे त्रेसष्ट रहिवाशांच्या नावापुढे एक छोटा इंग्रजी टी लागला. चेअरमनसाहेबांनी छापील यादी पाहिली, आपल्या नावापुढचा टी पाहिला आणि काही विचारलं नाही. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते. त्यांना वाटलं, काहीतरी किताब मिळाला असेल.

गुरुवारी मात्र लोक चिडले. कारण क्रमवारी लागली. त्यासाठी सॉर्ट नावाचा दुसरा हुकूम आहे. वहिनींच्या लॅपटॉपवर तो शाळेच्या हजेरीसारखा क्रम लावतो. जावईबापूंच्या लॅपटॉपवर त्याने आधी मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होणारी सगळी माणसं घेतली आणि मग लहान अक्षराने सुरू होणारी. कोणाचं नाव कसं टाइप झालं, तर ज्याने फॉर्मवर जसं लिहिलं तसं. म्हणजे ज्यांनी फॉर्म नीट बसून भरला ते वर, आणि ज्यांनी उभ्या उभ्या, दारात, कुकरच्या शिट्टीत भरला, ते सगळे खाली. मास्तर सगळ्यांत शेवटी. त्यांनी सही जशी करतात तसंच नाव लिहिलं होतं, सगळी लहान अक्षरं, एका ओघात.

“म्हणजे आम्ही कनिष्ठ दर्जाचे?” सहाव्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खुर्चीत बसून विचारलं.

“नाही हो काकू, हे फक्त या मशीनपुरतं आहे,” जावईबापू म्हणाले.

“मग मशीन बदला!”

“वहिनींकडे तुम्ही नवव्या आहात, काकू.”

“मग मी वहिनींच्या यादीत राहते. तुमची तुम्हाला लखलाभ.”

अशाने इमारतीत दोन याद्या आणि दोन पक्ष झाले, तेव्हा चेअरमनसाहेबांनी शुक्रवारी सकाळी ‘फरक निवारण उपसमिती’ नेमली. सदस्य तीन: स्वतः, वहिनी, आणि मी (तटस्थ म्हणून. माझ्यावर पैज होती हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या मते ज्याला हरण्याची भीती असते तो लक्ष देऊन काम करतो). उपसमितीने दोन तास अभ्यास केला. चेअरमनसाहेबांनी निष्कर्ष स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, आणि तो इतका शहाणपणाचा आहे की इथे द्यायलाच हवा:

‘वस्तुस्थिती ही प्रत्येक मशीनवर वेगळी असल्याचे आढळून आले आहे. सबब, जे ज्याच्याकडे चालते ते त्याच्यापुरते बरोबर समजण्यात यावे. “माझ्याकडे चालते” हे विधान यापुढे काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात येईल.’

या ठरावाने किती कामं सुटली याची कल्पना तुम्हाला येणार नाही. शुक्रवारी दुपारीच प्लंबर आला. चौथ्या मजल्यावर नळाला पाणी नाही. त्याने नळ उघडला, बंद केला, म्हणाला, “माझ्या घरी येतंय पाणी.” आणि गेला. तक्रार निकाली. एका घरची बेल वाजत नव्हती. शेजाऱ्याची वाजते असा दाखला घेऊन ती दुरुस्त धरली. दहावीतल्या एका मुलीने गणिताच्या पेपरबद्दल आईला सांगितलं की घरी सोडवलं तेव्हा उत्तर येत होतं. तिला त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा लिफ्टचा मेकॅनिकही उगवला. मधल्या वळणावर उभा राहून त्याने जाळीतून लिफ्टकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, “हेच मॉडेल आमच्या वर्कशॉपमध्ये आहे साहेब. मस्त चालतं.”

चेअरमनसाहेबांनी वही काढली आणि लिफ्टच्या रकान्यात ‘बंद’ खोडून ‘चालू (अन्यत्र)’ असं लिहिलं.

मी वर जाऊन मास्तरांना ही बातमी दिली. मास्तर खिडकीशी बसले होते. मांडीवर नखं कापायचं छोटं चामडी पाकीट. ते उघडायचे, बंद करायचे.

“चालू झाली?” ते म्हणाले.

“अन्यत्र,” मी म्हणालो.

मास्तर हसले. चांगला माणूस. “अरे, पण उद्या शनिवार ना? यादी जाणार ना?”

“जाणार म्हणजे काय! जावईबापूंची आहे. एका ओळीत केलीये.”

“हो का? आणि ताईच्या तिथे भेटायची वेळ रविवारी दहा ते बाराच आहे बरं का अजून. मी विचारून घेतलं.”

मला त्या क्षणी पैज जिंकायची नव्हती, एवढं सांगतो. उपसमितीकडे हे नोंदवलेलं नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास आम्ही चौघे उद्वाहन विभागात पोचलो: चेअरमनसाहेब, जावईबापू, वहिनी आणि मी. आदल्या संध्याकाळी जावईबापू आणि वहिनी यांनी मिळून रुपेरी लॅपटॉपवर यादी एकदाची सरळ केली होती. तारखा बरोबर, टॅब बरोबर, टी नाहीत, शिंपीणबाई नवव्या. खरोखर सुंदर यादी. जावईबापूंनी तिच्याकडे असं पाहिलं की सासऱ्यांना जरा बरं वाटलं.

खिडकीतल्या बाईंनी पेन ड्राइव्ह घेतला, आपल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. मग त्या बराच वेळ उजवीकडे बघत राहिल्या. नुसत्या उजवीकडे. मान फिरत फिरत भिंतीपर्यंत गेली.

“तुमच्या इमारतीत एकच माणूस राहतो,” त्या म्हणाल्या.

“एकशे त्रेसष्ट,” चेअरमनसाहेब म्हणाले.

“एक. एका ओळीत एक रहिवासी, आणि ओळ एकच आहे. नाव जरा लांब आहे त्यांचं. जन्मतारखाही पुष्कळ आहेत.” त्यांनी एक पान उलटलं. “नियम सहा. एकच रहिवासी असेल तर उद्वाहन मिळत नाही. त्यांना म्हणावं, तळमजल्यावर राहायला या.”

जावईबापूंनी लॅपटॉप उघडून खिडकीकडे फिरवला. “बाई, हे बघा. माझ्याकडे बघा. एकशे त्रेसष्ट ओळी.”

बाईंनी वाकून पाहिलं. मनापासून पाहिलं. “छान दिसतेय,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे.”

“त्यांच्या मशीनला ओळ संपल्याची वेगळी खूण लागते,” वहिनी म्हणाल्या. “जुन्या मशीनना लागते, आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये असंच होतं. एक आर घालायचा शेवटी. द्या इकडे, एका ओळीत होईल.”

हे त्या म्हणाल्या आणि मी घड्याळाकडे पाहिलं, कारण त्यांची ओळ काळ्या लॅपटॉपची होती आणि समोर होता रुपेरी. एंटर मारला. सेड काही बोलला नाही. फाइल उघडली. एकशे त्रेसष्ट जन्मतारखांच्या शेवटी एक एक इंग्रजी आर.

अकरा एक्केचाळीस.

जावईबापूंनी आर काढले. फोनवर उपाय शोधला. चौदा उपाय सापडले. प्रत्येकाखाली तो लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की माझ्याकडे चाललं. जावईबापूंनी ओळीने सात करून पाहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी पैजेच्या आठवड्यात त्यांना खूप चिडवलं, पण तेव्हा चिडवलं नाही. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “राहू द्या, बाळा.” जावईबापूंना आमच्या इमारतीतलं कोणीतरी पहिल्यांदा वेगळं काही म्हणालं.

अकरा पंचावन्नला खिडकीतल्या बाईंनाच दया आली. “अहो, एवढं कशाला करत बसलात? हाताने लिहून आणली असती तरी चालली असती. लिहिलंय की फॉर्मच्या मागे.”

“मागे?” चेअरमनसाहेबांनी आपला फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पांढरी. त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. “मागे काही नाही.”

“ही झेरॉक्स आहे,” बाई म्हणाल्या. “मूळ प्रतीच्या मागे सूचना असतात. नऊ नंबर: ‘यादी सुवाच्य हस्ताक्षरात दिल्यासही स्वीकारली जाईल.’”

मूळ प्रत चेअरमनसाहेबांच्या कपाटात होती, जपून ठेवायची म्हणून. ती माझ्या दुकानातून परत गेली होती. बेचाळीस प्रती काढल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. पान उलटून बघायचं असतं, हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या धंद्यात ते कोणाला सांगावं लागलेलं नाही.

आता सगळे माझ्याकडे वळणार.

पण कोणी वळलं नाही. चेअरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर मोठा प्रकाश पडला होता. “पाहिलंत?” ते म्हणाले. “फॉर्मसुद्धा! यांच्याकडे मागे सूचना दिसतात, आपल्याकडे दिसत नाहीत. अगदी उपसमितीने म्हटलं तसंच.” त्यांनी वही काढली आणि तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर नोंद केली. वहिनींनी मान डोलावली. जावईबापू म्हणाले, “खरंय, बाबा.” मग चेअरमनसाहेबांनी तटस्थ सदस्य म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी दुजोरा दिला.

बारा वाजता खिडकी खाली आली. पैज मी जिंकलो होतो.

रविवारी सकाळी नऊपर्यंत बातमी जिन्याने सात मजले चढली होती. एकशे त्रेसष्टांपैकी, माझ्या मोजणीप्रमाणे, एकशे चाळीस जण पायऱ्यांवर उभे होते. सहा घरांनी चहा बाहेर आणला. काही लोक मोबाइल धरून होते. पैज म्हणजे पैज. जावईबापू सातव्या मजल्यावर, मास्तरांच्या दारासमोर, बनियनवर, शर्ट कमरेला बांधून उभे होते. चेहरा पांढरा. त्यांची बायको मागे उभी होती आणि मला म्हणत होती, “काका, त्यांना काही झालं ना...”

“चढा, काका,” जावईबापू म्हणाले आणि वाकले.

मी दाराकडे वळलो. “मास्तर, चप्पल घाला. आणि ते पाकीट घ्या.”

“कुठे?”

“माझी जागा तुम्हाला. जिंकलेल्याच्या जागी कोण बसणार ते जिंकलेला ठरवतो. पैजेचा नियम आहे.” (असा नियम नाही.)

मास्तरांनी चप्पल घातली, पाकीट खिशात टाकलं, काठी हातात घेतली आणि जावईबापूंच्या पाठीवर बसले. जावईबापू उठले. उठले आणि तसेच थांबले.

“एवढेच?” ते म्हणाले.

एक्कावन्न किलो. अकरा महिने एकशे बासष्ट माणसं या एक्कावन्न किलोच्या शेजारून पिशव्या घेऊन खाली-वर करत होती. उचलून न्यायचं कोणाला सुचलं नाही. कारण लिफ्ट येणारच होती.

जावईबापू छान उतरले. सहावा, पाचवा, चौथा. लोक बाजूला होत गेले, टाळ्या वाजल्या. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वळणावर, लिफ्टच्या जाळीसमोर, त्यांचे पाय थरथरायला लागले. छप्पन्न किलोच्या माणसाने एक्कावन्न किलो त्रेसष्ट पायऱ्या आणले होते. अर्धा जिना.

मी खाली वाकलो आणि पाठ दिली.

“काका, तुम्ही जिंकलात ना?” जावईबापू म्हणाले. “हे माझं आहे.”

“निम्मं,” मी म्हणालो.

मास्तरांचे हात माझ्या गळ्याभोवती आले. हलके, खडूचे, त्यांना अजून रंगाचा वास येतो. वरून कोणीतरी ओरडलं, “याला म्हणतात मोठं मन!” आणि अख्खा जिना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. चेअरमनसाहेबांनी वही काढली. त्या सगळ्यांपैकी एकालाही, त्या कागदाची मागची बाजू कोणामुळे कोरी राहिली, हे माहीत नाही.

तुम्हाला माहीत आहे. मी सोडून एकट्या तुम्हाला. आणि तुम्ही मघापासून काय करताय? वाचताय. सोमवारपासून या जिन्यात उभे आहात, एकशे एक्केचाळिसावे, दर पायरीला हसलात, आणि मास्तरांची काठी घसरून तुमच्या पायाशी पडलीये ती अजून उचललेली नाही.

उचला ती. आणि सरका जरा बाजूला. दहा वाजत आलेत, माणूस खाली उतरतोय.